वीज परत आली, पण रिमोट का चालेना? लर्कच्या स्टार्टअप स्क्रिप्टविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुहागरच्या किनाऱ्यालगत आमच्या नात्यातील एका घरगुती निवासात तीन खोल्यांचे एसी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरून इन्फ्रारेड संकेतांनी चालवले जातात. पाहुणे रिमोट खिशात घालून समुद्रावर जातात आणि रिमोट वाळूत राहतो, एवढीच या उद्योगामागची मूळ प्रेरणा होती. ही व्यवस्था मी बसवली, तिची स्टार्टअप स्क्रिप्ट (संगणक सुरू होताना आपोआप चालणारी आज्ञांची फाइल) मी लिहिली आणि तिच्यातील दोषही माझाच होता. पुढे तीच स्क्रिप्ट दापोली, देवगड आणि वेंगुर्ल्याच्या काही परिचितांनी उचलली, त्यामुळे दोषही त्यांच्या घरी पोहोचला. तेव्हापासून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. बहुतेकांना ही उत्तरे फोनवरून वाचून दाखवावी लागतात, म्हणून फाइलींची आणि आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. संगणकावर ती अर्थातच मूळ रोमन स्पेलिंगनुसार टंकावीत.

लर्क म्हणजे नेमके काय?

लिनक्सवर इन्फ्रारेड रिमोटचे संकेत वाचण्याचे व पाठवण्याचे काम करणारा हा जुना आणि मुरलेला सॉफ्टवेअर संच आहे. त्यातील लर्कडी ही पडद्यामागे सतत चालणारी प्रोसेस असते. आयआर-सेंड, आयआर-डब्ल्यू यांसारखी छोटी साधने तिच्याशी एका सॉकेटमार्फत, म्हणजे प्रोग्रॅमांनी एकमेकांशी बोलण्याच्या दारामार्फत, बोलतात आणि हे सॉकेट रन फोल्डरातील लर्क या उपफोल्डरात असते. पुढील बहुतेक उत्तरे या एका वाक्यावर उभी आहेत, म्हणून ते लक्षात ठेवावे.

हाताने चालू केले की सर्व काही चालते, पण वीज जाऊन आली की काहीच चालत नाही. असे का?

कारण आपण हाताने आज्ञा देतो तेव्हा संगणक पूर्ण जागा झालेला असतो आणि स्टार्टअप स्क्रिप्ट चालते तेव्हा तो डोळे चोळत असतो. आपण लॉगिन करेपर्यंत उपकरणांच्या फाइली तयार झालेल्या असतात, आवश्यक फोल्डर कोणीतरी केलेले असतात आणि आज्ञा कोठे शोधायच्या याची यादीही शेलला (आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) ठाऊक असते. स्टार्टअपच्या वेळी यांपैकी एकाही गोष्टीची खात्री नसते. हाताने दिलेली आज्ञा यशस्वी होते याचा अर्थ स्क्रिप्ट बरोबर आहे असा होत नाही. त्या क्षणी स्क्रिप्टला जे लागते ते हजर होते, एवढाच त्याचा अर्थ होतो.

शहरात संगणक महिनोन्महिने चालू राहतो आणि असा दोष वर्षभर झाकलेला राहू शकतो. आपल्याकडे मे महिन्याच्या अखेरीस वळीव सुरू झाला की दिवसातून चार वेळा वीज जाते. त्यामुळे जो दोष इतरत्र क्वचित दिसतो तो कोकणात रोज संध्याकाळी दिवेलागणीला हजेरी लावतो.

दोष स्क्रिप्टचाच आहे, सेन्सरचा किंवा एलईडीचा नाही, हे कसे ओळखावे?

वीज आल्यानंतर पाच मिनिटे थांबावे आणि कशालाही हात न लावता सिस्टिम-सीटीएल स्टेटस लर्कडी ही आज्ञा द्यावी. उत्तरात 'फेल्ड' किंवा 'इनॅक्टिव्ह' असे आले आणि त्यानंतर हाताने रीस्टार्ट केल्यावर एसीने प्रतिसाद दिला, तर एलईडी, तारा, ट्रान्झिस्टर आणि संकेतांची फाइल हे सारे निर्दोष आहे. दोष आरंभाच्या क्रमात आहे.

रीस्टार्टनंतरही एसी गप्प राहिला तर आयआर-सेंडची आज्ञा देत असताना एलईडीकडे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहावे. बहुतेक रिमोटांचा प्रकाश सुमारे ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. डोळ्याला तो दिसत नाही, पण अनेक मोबाइलांच्या, विशेषतः पुढच्या, कॅमेऱ्यात तो फिकट जांभळा लुकलुकताना दिसतो. वाचणारा सेन्सर तपासायचा असेल तर मोड-टू हे साधन चालवून समोर रिमोटचे बटण दाबावे. एनईसी या प्रचलित संकेतपद्धतीचा रिमोट असेल तर पहिल्याच ओळींत सुमारे ९००० मायक्रोसेकंदांचा ठोका आणि सुमारे ४५०० मायक्रोसेकंदांची विश्रांती दिसते. असे आकडे दिसत असतील तर सेन्सर बदलू नये. देवगडच्या एका परिचितांनी माझ्या स्क्रिप्टमधील चुकीपायी दोन सेन्सर बदलले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार झाला.

मूळ स्क्रिप्टमध्ये नेमकी चूक काय होती?

चुका दोन होत्या आणि दुसरी पहिलीच्या 'दुरुस्ती'तून जन्मली, म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे.

मी लर्क हे तयार पॅकेजमधून न घेता स्वतः कंपाइल केले होते, म्हणजे मूळ कोडपासून तयार केले होते, आणि त्यासाठी जुन्या पद्धतीची इनिट (आरंभीची) स्क्रिप्ट लिहिली होती. लर्कडी सुरू झाली की तिचा प्रोसेस क्रमांक एका फाइलीत लिहून ठेवायचा, म्हणजे नंतर ती थांबवताना तो क्रमांक वाचता येतो, ही जुनी रीत आहे. ही फाइल आणि सॉकेट मी व्हार-रन-लर्क या फोल्डरात ठेवत होतो. फोल्डर नव्हता, म्हणून मी तो हाताने केला, स्क्रिप्ट चालवली, एसी चालू झाला आणि मी समाधानाने जेवायला गेलो. मात्र डेबियन या लिनक्सच्या प्रकारात २०१३ च्या व्हीझी आवृत्तीपासून व्हार-रन हा खरा फोल्डर नसून रन या फोल्डराकडे नेणारा दुवा आहे आणि रन हा फोल्डर डिस्कवर नसून मेमरीत असतो. वीज गेली की तो पाटीवरच्या अक्षरांसारखा पुसला जातो. पुढच्या वेळी संगणक सुरू झाला तेव्हा लर्क हा उपफोल्डरच नव्हता. लर्कडीला सॉकेट ठेवायला जागा मिळाली नाही आणि आयआर-सेंडने सॉकेटशी जोडता येत नसल्याची तक्रार केली.

येथे फोल्डर नसल्यास तो करण्याची एक ओळ स्क्रिप्टच्या आरंभी घातली असती तर काम झाले असते. मी त्याऐवजी शहाणपणा केला. मेमरीतील जागा टिकत नाही ना, मग प्रोसेस क्रमांकाची फाइल व्हार-लिब-लर्क या डिस्कवरच्या फोल्डरात ठेवू, असे ठरवले आणि सॉकेटही तेथेच नेले. दोन आठवडे काहीही बिघडले नाही, कारण त्या दोन आठवड्यांत मी संगणक नेहमी रीतसर बंद करत होतो आणि रीतसर बंद करताना स्क्रिप्ट ती फाइल पुसत होती.

मग जूनमधील एका संध्याकाळी वीज गेली आणि तासाभराने आली. निवासाची देखभाल करणाऱ्या काकांचा फोन आला: "अरे, मधल्या खोलीचा एसी काही ऐकत नाही, पाहुणे ओटीवर येऊन बसलेत." मी दुरून लॉगिन करून पाहिले तर स्क्रिप्टचा निरोप होता की लर्कडी आधीपासूनच चालू आहे. प्रत्यक्षात लर्कडी कोठेच नव्हती. फाइलीत ४१२ हा क्रमांक होता, आणि ४१२ क्रमांकाची प्रोसेस खरोखरच जिवंत होती, पण ती वायफाय सांभाळणारी प्रोसेस होती. वीज अचानक गेल्यामुळे जुनी फाइल पुसली गेली नव्हती, आणि संगणक पुन्हा सुरू झाल्यावर तोच क्रमांक दुसऱ्याला मिळाला होता. माझी स्क्रिप्ट 'या क्रमांकाची प्रोसेस जिवंत आहे का?' एवढेच विचारत होती. 'ही प्रोसेस लर्कडीच आहे का?' हे ती विचारत नव्हती.

हा योगायोग वाटतो तितका दुर्मीळ नाही. संगणक दर वेळी जवळपास त्याच क्रमाने प्रोसेस सुरू करतो, त्यामुळे जुना क्रमांक आसपासच्याच कोणाला तरी मिळण्याची शक्यता बरीच असते. क्रमांक कोणालाच मिळाला नाही त्या दिवशी एसी चालायचा, मिळाला त्या दिवशी नाही. म्हणूनच दोष कधी दिसे आणि कधी नाही.

मग दुरुस्ती कशी करायची?

माझी स्क्रिप्ट काढून टाकावी, हे पहिले आणि मुख्य उत्तर. सध्याच्या डेबियनमध्ये आणि रास्पबेरी पाय ओएसमध्ये लर्कच्या पॅकेजबरोबर सिस्टिमडीच्या (संगणक सुरू होताना बाकीच्या प्रोसेस चालू करून सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या) सेवा तयार मिळतात: लर्कडी सर्व्हिस आणि लर्कडी सॉकेट. प्रोसेस क्रमांकाची फाइल ठेवण्याची जबाबदारीच सिस्टिमडीमुळे उरत नाही, कारण आपण सुरू केलेली प्रोसेस कोणती हे ती स्वतः लक्षात ठेवते. पॅकेज बसवून या दोन्ही सेवा 'एनेबल' कराव्यात.

पण त्याआधी इनिट-डॉट-डी फोल्डरातील माझी जुनी फाइल हटवणे आवश्यक आहे. तिचे नाव नुसते 'लर्क' आहे आणि पॅकेजच्या सेवेचे नाव 'लर्कडी' आहे. नावे एकच असती तर सिस्टिमडीने जुन्या स्क्रिप्टकडे दुर्लक्ष केले असते. नावे वेगळी असल्यामुळे ती दोन्ही चालवते, दोन लर्कडी उभ्या राहतात आणि एकाच कामावर दोघी हक्क सांगतात. फाइल हटवून झाल्यावर सिस्टिम-सीटीएल डीमन-रीलोड ही आज्ञा विसरू नये.

ज्यांना काही कारणाने स्वतः कंपाइल केलेले लर्कच ठेवायचे आहे, त्यांनी ईटीसी फोल्डरातील टीएमपी-फाइल्स-डॉट-डी या उपफोल्डरात लर्क डॉट कॉन्फ नावाची एका ओळीची फाइल करावी. त्या ओळीत क्रमाने डी हे अक्षर, फोल्डरचा पूर्ण मार्ग, ०७५५ हे हक्क, मालक रूट, गट रूट आणि शेवटी वयाच्या रकान्यात एक आडवी रेघ असते. मग प्रत्येक आरंभी तो फोल्डर सेवा सुरू होण्यापूर्वी आपोआप तयार होतो. सॉकेट अर्थातच पुन्हा रन-लर्कमध्येच आणावे.

स्क्रिप्टमध्ये 'स्लीप ३०' टाकून काम भागत नाही का? माझे भागले आहे.

भागते, पण त्या दिवसापुरते. दाभोळच्या जेट्टीवर फेरीबोट लागली आहे की नाही हे न पाहता, 'एरवी दहा मिनिटांत लागते' असे म्हणून घड्याळ बघून गाडी पुढे घेण्यासारखे ते आहे. बहुतेक वेळा बोट असते. मेमरी कार्ड जुने होऊन मंदावले, अचानक वीज गेल्यामुळे डिस्कची तपासणी लांबली किंवा कर्नेल (लिनक्सचा गाभा) बदलला की तीस सेकंद अपुरे पडतात, आणि मग कोणीतरी तीसचे साठ करतो. ज्या गोष्टीची वाट पाहायची ती गोष्ट नाव घेऊन सांगावी: हे उपकरण दिसेपर्यंत, हे सॉकेट तयार होईपर्यंत.

सेवेच्या फाइलीत 'आफ्टर' लिहिले आहे, तरी माझा प्रोग्रॅम लर्कडीच्या आधी धावतो. का?

'आफ्टर' हा शब्द फक्त क्रम सांगतो, बोलावणे धाडत नाही. दोन्ही सेवा सुरू होणार असतील तर ही आधी आणि ती नंतर, एवढेच त्याने ठरते. लर्कडी मुळात सुरूच होणार नसेल तर आपला प्रोग्रॅम एकटाच निघतो. बोलावण्यासाठी 'वाँट्स' किंवा 'रिक्वायर्स' हा शब्द सोबत लागतो. मी 'वाँट्स' वापरतो, कारण 'रिक्वायर्स' वापरल्यास लर्कडी रीस्टार्ट करताना आपला प्रोग्रॅमही सोबत पाडला जातो.

दुसरी बाब अशी की स्वतः लिहिलेल्या सेवेचा प्रकार 'सिंपल' असेल तर सिस्टिमडीच्या दृष्टीने प्रोसेस जन्माला येताच सेवा 'सुरू' झालेली असते, मग ती प्रत्यक्ष काम करण्यास तयार असो वा नसो. म्हणून लर्कडी सॉकेट हे युनिट उपयोगी पडते: त्यात सॉकेट आधीच तयार असते आणि लवकर आलेला प्रोग्रॅम परत न जाता दारात थांबतो.

कधीकधी 'हे हार्डवेअर पाठवण्यास समर्थ नाही' असा निरोप येतो. रीबूट केल्यावर तो जातो. हे काय आहे?

हा स्वतंत्र दोष आहे आणि माझ्या मते सर्वांत फसवा. रास्पबेरी पायच्या कर्नेलमध्ये ४.१९ या आवृत्तीपासून जुना लर्क-आरपीआय हा ओव्हरले (कोणते उपकरण जोडले आहे हे कर्नेलला सांगणारी फाइल) गेला आणि त्याच्या जागी दोन आले: वाचण्यासाठी जीपीआयओ-आयआर आणि पाठवण्यासाठी जीपीआयओ-आयआर-टीएक्स. दोन ड्रायव्हर, म्हणून उपकरणेही दोन, लर्क-शून्य आणि लर्क-एक. यांपैकी शून्य कोण आणि एक कोण हे, जो ड्रायव्हर आधी जागा होईल त्यावर ठरते आणि तो क्रम दर वेळी तोच राहील याची हमी नाही. ज्या दिवशी क्रम उलटतो त्या दिवशी लर्कडी सेन्सरचे दार उघडून बसते आणि आयआर-सेंड तिला पाठवायला सांगते.

यावर उपाय म्हणजे उपकरणांना क्रमांकाऐवजी नावाने हाक मारणे. उपकरणांना नावे देणाऱ्या यूडेव्ह या व्यवस्थेच्या नियमांच्या फोल्डरात एक फाइल करून तिच्यात दोन ओळी लिहाव्यात. दोन्ही ओळींत सबसिस्टिम लर्क अशी अट असते. ड्रायव्हर जीपीआयओ-आयआर-रेसीव्ह असेल तर लर्क-आरएक्स आणि जीपीआयओ-आयआर-टीएक्स असेल तर लर्क-टीएक्स असा सिमलिंक (दुवा) द्यावा. फोनवर सांगताना येथे हमखास गल्लत होते: पहिल्या ड्रायव्हरच्या नावात शब्दांमध्ये खालची रेघ आहे आणि दुसऱ्याच्या नावात मधली. शंका असल्यास यूडेव्ह-एडीएम इन्फो ही आज्ञा संबंधित उपकरणावर चालवून नाव जसेच्या तसे उतरवून घ्यावे. त्याच नियमात 'सिस्टिमडी' हा टॅग जोडला तर सेवेला त्या उपकरणाची नावानिशी वाट पाहता येते आणि 'स्लीप'ची गरज उरत नाही. शेवटी लर्क-ऑप्शन्स डॉट कॉन्फ या फाइलीत डिव्हाइसच्या पुढे लर्क-टीएक्सचा मार्ग लिहावा.

लर्क-ऑप्शन्समध्ये आणखी काही बदलावे लागते का?

होय. पॅकेजमध्ये ड्रायव्हरच्या जागी 'डेव्हइनपुट' आणि डिव्हाइसच्या जागी 'ऑटो' लिहिलेले असते. आपल्या कामासाठी ड्रायव्हर 'डिफॉल्ट' करावा. 'डिफॉल्ट'च डिफॉल्ट नसणे हा विनोद माझा नाही.

जुन्या लेखांत हार्डवेअर डॉट कॉन्फ ही फाइल बदलायला सांगितली आहे. माझ्याकडे ती सापडत नाही.

ती शोधू नये. डेबियनच्या २०१७ मधील स्ट्रेच या आवृत्तीबरोबर लर्क ०.९.४ आले तेव्हा ती फाइल रजेवर गेली आणि तिचे काम लर्क-ऑप्शन्स डॉट कॉन्फकडे आले. त्यापूर्वीचे लेख वाचून कोणी ती फाइल नव्याने तयार केली तरी ती कोणी वाचत नाही. त्रास होत नाही, उपयोगही होत नाही. त्याचप्रमाणे ओव्हरलेच्या ओळी ज्या कॉन्फिग डॉट टीएक्सटी फाइलीत लिहायच्या ती २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून बूट फोल्डराच्या आत फर्मवेअर या उपफोल्डरात गेली आहे.

स्क्रिप्ट 'अनएक्स्पेक्टेड ऑपरेटर' असे म्हणून थांबते. टर्मिनलमध्ये तीच स्क्रिप्ट बॅशने चालवली तर मुकाट्याने चालते.

कारण स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत नुसते 'एसएच' लिहिले आहे. डेबियन आणि उबुंटूमध्ये एसएच म्हणजे बॅश नव्हे, तर डॅश हा त्याहून लहान व जलद शेल. उबुंटूने हा बदल २००६ मध्येच केला. बॅशला चौकोनी कंसात तुलनेसाठी दोन बरोबर-चिन्हे चालतात, डॅशला एकच लागते. माझ्या मूळ स्क्रिप्टमध्ये दोन चिन्हे होती, तीही तीन ठिकाणी.

याच ठिकाणी आणखी एक खड्डा आहे. तुलनेतील चल अवतरणचिन्हांत नसेल आणि स्टार्टअपच्या वेळी रिकामा असेल तर शेलला डावी बाजूच दिसत नाही आणि तो वाक्यरचनेची चूक सांगतो. प्रत्येक चलाला दुहेरी अवतरणचिन्हे घालण्याची सवय लावून घ्यावी. पहिल्या ओळीत 'बॅश' लिहूनही पहिला दोष जातो, पण दुसरा जात नाही.

फाइल डोळ्यांसमोर असूनही 'अशी फाइल किंवा फोल्डर नाही' असे उत्तर येते.

ती फाइल विंडोजवर नोटपॅडमध्ये बदलून कार्डावर टाकली असणार. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य अक्षर ठेवू शकते. लिनक्स ते पहिल्या ओळीतील शेलच्या नावाचाच भाग समजतो आणि त्या नावाचा शेल शोधत बसतो. डॉस-टू-युनिक्स ही आज्ञा फाइलीवर एकदा चालवावी. फाइलीला चालवण्याचा हक्क आहे ना, हेही सोबतच पाहावे.

मी सेवा वगैरे काही केले नाही. आरसी-लोकल या आरंभी चालणाऱ्या फाइलीत दोन ओळी लिहिल्या आहेत. ते चालेल का?

चालू शकेल, पण तीन अटी आहेत. 'एक्झिट शून्य' या ओळीच्या खाली लिहिलेले काहीही चालत नाही. डेबियनच्या मूळ आरसी-लोकलमध्ये शेलला 'ई' हा पर्याय दिलेला असतो, त्यामुळे वरची एखादी आज्ञा फसली की खालच्या साऱ्या सोडून दिल्या जातात. आणि प्रत्येक प्रोग्रॅमचा पूर्ण मार्ग लिहावा, कारण त्या वेळी आज्ञा शोधण्याची यादी तुमच्या लॉगिनमधील यादीपेक्षा तोकडी असते. क्रॉन या ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या साधनातील 'ॲट रीबूट'ला हीच शेवटची अट लागू आहे.

वीज गेल्यावर नोंदीही पुसल्या जातात. मग शोध कसा घ्यायचा?

व्हार-लॉग या फोल्डरात जर्नल नावाचा उपफोल्डर असेल तर सिस्टिमडीच्या नोंदी सहसा डिस्कवर टिकतात. नसेल तर मेमरीत राहतात आणि विजेबरोबर जातात. तो फोल्डर करून जर्नल-डी रीस्टार्ट करावे आणि त्याच्या कॉन्फिग फाइलीत साठवण 'व्होलाटाइल' अशी मुद्दाम ठेवलेली नाही ना, हेही पाहावे. त्यानंतर जर्नल-सीटीएल या आज्ञेला बी हा पर्याय आणि उणे एक देऊन मागच्या खेपेच्या नोंदी वाचता येतात.

नोंदींतील वेळेवर मात्र विसंबू नये. रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या मॉडेलांत आणि झीरोमध्ये स्वतःचे घड्याळ नसते. नेटवर्क मिळेपर्यंत ते शेवटी जतन केलेली वेळच आताची वेळ मानते. काकांच्या फोनची वेळ साडेसात आणि नोंदीतील वेळ सव्वासहा, असे पाहून मी एकदा भलत्याच खेपेच्या नोंदी तासभर वाचत बसलो होतो. राउटरही त्याच विजेवर असतो आणि तो उठायला पायपेक्षा अधिक वेळ घेतो, हे लक्षात घ्यावे.

वीज आल्यावर एसी आपोआप पुन्हा चालू व्हावा, म्हणून स्टार्टअपमध्येच आयआर-सेंड लिहिले तर?

येथे एसी आणि टीव्ही यांत मोठा फरक आहे. पुष्कळ टीव्हींच्या रिमोटवर चालू आणि बंद यांसाठी एकच बटण आणि एकच संकेत असतो. टीव्ही आधीच चालू असेल तर आपला स्टार्टअप त्याला बंद करील. अशा उपकरणाला आरंभी कोणताही संकेत पाठवू नये. एसीचा रिमोट सहसा दर वेळी पूर्ण स्थिती पाठवतो: चालू की बंद, तापमान किती, पंखा कोणत्या वेगावर. त्यामुळे '२६ अंशांवर चालू' हा संकेत दहा वेळा पाठवला तरी परिणाम एकच. हे लांबलचक संकेत आयआर-रेकॉर्डला नेहमीच्या रीतीने उलगडत नाहीत, म्हणून ते 'फोर्स' हा पर्याय देऊन कच्च्या स्वरूपात नोंदवावेत आणि हवी ती प्रत्येक स्थिती स्वतंत्र बटण म्हणून ठेवावी.

तरीही वीज आल्या क्षणी एसी चालू करू नये. आपल्याकडे परत आलेली वीज पहिली काही मिनिटे वरखाली होत असते आणि कॉम्प्रेसरलाही उसंत हवी असते. सिस्टिमडीच्या टायमरमध्ये बूटनंतर पाच मिनिटांनी अशी वेळ द्यावी. वर मी 'स्लीप'ला नावे ठेवली आणि येथे थांबायला सांगतो आहे, हे मान्य. पण हे थांबणे एसीच्या प्रकृतीसाठी आहे, क्रम जुळवण्यासाठी नव्हे.

खाऱ्या हवेचा परिणाम होतो का?

होतो. एलईडी आणि सेन्सरच्या पायांवर वर्षभरात हिरवट थर चढतो, सोल्डरवर पारदर्शक नेलपॉलिशचा हात दिलेला चांगला. टीएसओपी १७३८ हा सेन्सर ५ व्होल्टचा आहे आणि रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या, त्याऐवजी ३.३ व्होल्टवर चालणारा टीएसओपी ३८२३८ घ्यावा.

एवढे सगळे करण्यापेक्षा लर्कशिवाय भागणार नाही का?

अनेकांचे भागेल. केवळ रिमोट वाचायचा असेल तर आता कर्नेलच बहुतेक प्रचलित पद्धती स्वतः उलगडतो आणि आयआर-कीटेबल या साधनाने बटणे नेमून देता येतात. कच्चे संकेत पाठवायला आयआर-सीटीएल पुरते. त्याला पडद्यामागची प्रोसेस लागत नाही, म्हणून वरील निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत. आमच्या निवासात वाचण्याचे काम मी कर्नेलकडे दिले आहे आणि पाठवण्यासाठी मात्र लर्क ठेवले आहे, कारण तीन एसींचे नोंदवलेले संकेत त्याच्या फाइलीत आहेत आणि ते पुन्हा नोंदवण्याचा मला कंटाळा आहे.

दुरुस्ती झाली, हे निश्चित कसे समजावे?

रीबूटची आज्ञा देऊन नव्हे. ती आज्ञा सर्व सेवा रीतसर बंद करते, फाइली पुसते आणि नेमका आपला दोष झाकते. कार्डाची एक प्रत आधी काढून ठेवावी, सिंक ही आज्ञा द्यावी आणि मग भिंतीवरचे बटण बंद करावे. अर्ध्या मिनिटाने चालू करावे, कशालाही हात न लावता पाच मिनिटे थांबावे आणि एसीने ऐकले की नाही ते वहीत लिहावे. असे निदान दहा वेळा करावे आणि मधल्या एका खेपेस राउटर बंदच ठेवावा. माझ्या वहीत पहिल्या सात खेपांपुढे बरोबरची खूण आहे. आठव्या खेपेस लर्क-शून्य आणि लर्क-एक यांची अदलाबदल झाली. उपकरणांना नावाने हाक मारण्याविषयी वर जे लिहिले आहे, ते त्या आठव्या खेपेनंतरचे आहे.